आपोआप पडणारा गियर आणि त्याची दुखणी

श्रोतेहो, एस. टी.च्या गाडीत पुढच्या बाकावर बसण्याचा योग आला, तर चालकाच्या डाव्या हाताकडे जरा लक्ष द्या. घाट सुरू झाला की डावा पाय क्लचवर जातो, हात गियरच्या दांड्यावर येतो, आणि इंजिनाचा आवाज बदलतो. इंजिन ठराविक फेऱ्यांतच नीट जोर देते. चढावर वेग कमी करून जोर वाढवायचा, सपाटीवर जोर कमी करून वेग घ्यायचा, हे काम गियरची दंतचक्रे करतात. मात्र कोणते चक्र केव्हा लावायचे, ते माणसाने ठरवायचे.

हे ठरवणेही यंत्रावर सोपवता येईल का? अमेरिकेत बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ साली तसा प्रयत्न केला. वेग वाढला की फिरती वजने बाहेर फेकली जात आणि त्या जोरावर गियर बदले. पण त्या काळचे धातू टिकेनात, आणि पेटी वारंवार मोडे.

खरी वाट सापडली ती मोटारीत नव्हे, जहाजात. टर्बाईन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरवावा लागतो. या दोहोंची सांगड घालण्यासाठी हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तेला-पाण्यासारख्या द्रवातून शक्ती पोचवण्याचे पेटंट घेतले. गुरुजनांना हे तत्त्व वर्गात दाखवता येईल. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याची पिन काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हलकेच फिरू लागतील. वाऱ्याच्या जागी बंद भांड्यातले तेल आले, की झाली ती द्रवाची जोडणी. इथे क्लचचे पेडल लागत नाही.

हे तत्त्व घरोघरच्या मोटारीत आले १९३९ च्या अखेरीस. अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ गियरबॉक्स तयार केला, आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत तो मिळू लागला. त्यात द्रवाची जोडणी होती, पुढे जाण्याचे चार गियर होते, आणि केव्हा कोणता गियर पडावा हे तेलाचा दाब ठरवीत असे. युद्धकाळात हाच गियरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यांत बसवला गेला. पुढे ब्युइकचा ‘डायनाफ्लो’ १९४८ च्या गाड्यांत आला, आणि १९५० साली शेव्हरोलेचा ‘पॉवरग्लाइड’.

आता खरा प्रश्न उभा राहिला तो मिस्त्रीपुढे. जुन्या गियरबॉक्सची तक्रार हाताला आणि कानाला कळे: दांडा अडकतो, दात खरखरतात. या नव्या पेटीत सगळा कारभार बंद दाराआड! पुष्कळांची पहिली धाव पाने घेऊन पेटी उतरवण्याकडे जाई. दुखणे बाहेरच्या एका सैल जोडकाडीचे असायचे, आणि मालकाच्या कपाळी अख्ख्या पेटीचा खर्च यायचा. म्हणून जाणत्या मिस्त्रींनी एक क्रम बसवला. वैद्य नाडी पाहतो, तसे यांनी आधी तेल पाहावे.

चांगले तेल बहुधा लाल आणि स्वच्छ असते. ते काळे पडून करपल्याचा वास आला, तर आतल्या क्लचच्या चकत्या घसरून जळत आहेत. ते दुधासारखे झाले, तर पाणी शिरले. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटली असावी. फेस आला, तर तेल जास्त भरले असेल किंवा हवा शिरत असेल. आणि तेल नुसतेच कमी असेल, तर दाब पडतो, गियर उशिरा पडतो, आणि गाडी मागे घ्यायला कुरकुरते. अशा वेळी गळती शोधून तेल भरले की काम झाले.

त्यानंतर बाहेरच्या जोडकाड्या पाहाव्यात, गाडी रस्त्यावर नेऊन कोणता गियर केव्हा पडतो ते टिपावे, आणि मग दाबाचे घड्याळ लावावे. शेवटी येई अडवणुकीची परीक्षा. ब्रेक गच्च दाबून, गाडी गियरमध्ये ठेवून, जेमतेम पाच सेकंद इंजिन पूर्ण दौडवायचे. फेऱ्या प्रमाणाबाहेर वाढल्या तर आत काहीतरी घसरते आहे. वाढल्याच नाहीत तर इंजिनच दुबळे आहे, किंवा द्रवाच्या जोडणीत दोष आहे. जास्त वेळ ही परीक्षा घेतली, तर तेल उकळून नसलेला बिघाड होतो, बरं का! आणि गाडीसमोर कोणी उभे राहायचे नाही.

पण क्रमाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्राचा स्वभाव ओळखणे. हायड्रा-मॅटिक गियर बदलताना किंचित हिसका देई. डायनाफ्लो चालू रस्त्यावर आपणहून गियर बदलतच नसे. इंजिन आधी घोंघावे आणि गाडी मागाहून वेग घेई. एकाची सवय असलेल्याला दुसरी आजारी वाटे. निरोग्याला औषध देण्यासारखाच हा प्रकार!

तेलाचीही एक गोष्ट ऐका. या तेलांत चकत्या नीट धराव्यात म्हणून देवमाशाचे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत देवमाशांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ते तेल बंद झाले. बदली मिश्रणे जमेपर्यंत गियरबॉक्सच्या तक्रारी वाढल्या. यंत्र तेच, मिस्त्री तोच, पण कारण दूरच्या समुद्रात!

पुढे तेलाच्या दाबाची जागा विजेच्या मेंदूने घेतली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत तपासणीचे ठराविक खाचण सक्तीचे झाले. उपकरण जोडले की बिघाडाचा आकडा दिसतो. मात्र आकडा तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमध्ये आलेली पद्धत तर आणखी निराळी. तिथे गियरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच. फक्त दाबणारा पाय आणि हलवणारा हात यंत्राचा. तिथे लाल तेलाची नाडी पाहून चालणार नाही.

तेव्हा मंडळी, उपकरण जुने असो की नवे, शहाणपण एकच आहे. आधी यंत्राची जात ओळखा, मग पाहा, हुंगा, ऐका, मोजा. आणि अगदी शेवटी पाना हातात घ्या. शाळेतल्या मुलांना गुरुजींनी एवढे जरी शिकवले, तरी ती पुढे मोटारीची होवोत की पंपाची, चांगली मिस्त्री होतील.