डव्ह कॉटेज

डव्ह कॉटेज : इंग्रज कवी विल्यम वर्डस्वर्थ (१७७०–१८५०) याचे राहते घर, आता संग्रहालय. इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-सरोवरांच्या प्रदेशात ग्रासमिअर गावालगतच्या टाउन एंड या वस्तीत ते आहे. २० डिसेंबर १७९९ रोजी वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डॉरथी (१७७१–१८५५) येथे राहायला आली आणि मे १८०८ मध्ये कुटुंब येथून हलले. वर्डस्वर्थ पुढे बेचाळीस वर्षे जगला, पण त्याची बहुतेक उत्तम कविता या साडेआठ वर्षांच्या आसपासची आहे.

घर सतराव्या शतकाच्या आरंभीचे. येथे पूर्वी ‘डव्ह अँड ऑलिव्ह बाउ’ नावाची सराई होती. ती १७९३ मध्ये बंद पडली. त्या जुन्या पाटीवरून घराला आजचे नाव पडले, तेही फार पुढे. वर्डस्वर्थ भावंडांचा पत्ता साधा होता : टाउन एंड, ग्रासमिअर. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, पाटीच्या दगडाचे छप्पर, छोट्या शंकरपाळी तावदानांच्या खिडक्या असे त्याचे बाह्य रूप आहे. त्या काळी खिडकीतून ग्रासमिअरचे तळे थेट दिसे. नंतर समोर घरे उठली आणि ते दृश्य अडले, हे पाहणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे.

आत पाऊल टाकताच जाणवतो तो अंधार. तळमजल्याच्या मुख्य खोलीत सराईच्या दिवसांपासूनच्या काळपट ओकच्या फळ्या भिंतींना आहेत आणि पायाखाली दगडी फरशी. बाहेर ऊन असले तरी डोळे सरावायला वेळ लागतो. शेजारी झोपण्याची खोली आणि मागे स्वयंपाकघर. त्याला लागून असलेली कोठीची खोली नीट पाहण्यासारखी आहे : तिच्या फरशीखालून डोंगरातला ओहोळ वाहतो. त्या थंडाव्यात दूध, लोणी, मांस टिकत असे. वरच्या मजल्यावर बसण्या-लिहिण्याची खोली आहे. तिथे उजेड बरा आहे आणि खालच्या शेजघरातला कोंदटपणा नाही.

वरच्याच मजल्यावर एक लहानशी खोली आहे. तिला शेकोटी नाही. उत्तर इंग्लंडच्या हिवाळ्यात ती गोठून जाई, म्हणून डॉरथीने तिच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली. आज दिसणारे कागद मूळचे नाहीत, पुढे पुन्हा लावलेले आहेत. तरीही या खोलीत माणूस थबकतो. महागडा भिंतकागद परवडत नाही, थंडी तर अडवायची आहे, मग हाताशी असलेली रद्दी कामाला लावायची, ही गृहिणीची युक्ती इथे अक्षरशः भिंतीवर वाचता येते. कवीच्या मेज-खुर्चीपेक्षा ही खोली या घराबद्दल अधिक सांगते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आईवडील लहानपणीच गेल्यामुळे ही भावंडे वेगवेगळ्या ठिकाणी वाढली. तरुणपणी त्यांनी दक्षिण इंग्लंडात दोन ठिकाणी एकत्र बिऱ्हाड केले. पण आपल्या मुलखातले, मनाजोगते घर त्यांना ग्रासमिअरलाच मिळाले. येथे येऊन मे १८०० मध्ये डॉरथीने रोजनिशी लिहायला घेतली आणि जानेवारी १८०३ पर्यंत ती चालू ठेवली. भावाला आनंद वाटावा हा तिचा उघड हेतू होता. छापण्यासाठी तिने ती लिहिली नाही. पाव भाजणे, वाटाणे लावणे, फाटके कपडे शिवणे, भावाच्या कवितांच्या नकला काढणे, डोकेदुखी, टपालासाठी अँबलसाइडपर्यंतची पायपीट, दारी आलेले भिकारी आणि ढगांचे बदलते रंग हे सगळे तिच्या पानांवर सारख्याच निगुतीने उतरते. तिची नजर इतकी नेमकी आहे की ती स्वतंत्र लेखिका म्हणूनच वाचली पाहिजे.

वर्डस्वर्थच्या कवितेला या नोंदींचा मोठा आधार मिळाला. १८०० च्या शरदात वाटेवर भेटलेल्या, जळवा गोळा करून पोट भरणाऱ्या म्हाताऱ्याचे वर्णन डॉरथीने लिहून ठेवले. १८०२ मध्ये त्यावरून ‘रिझोल्यूशन अँड इंडिपेंडन्स’ ही कविता झाली. महाराष्ट्रातल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली ‘डॅफोडिल्स’ची कविताही तशीच. ती फुले दोघांनी १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी पाहिली, डॉरथीने ती रोजनिशीत टिपली आणि कविता झाली त्यानंतर दोन वर्षांनी. कवितेतला माणूस एकटाच भटकतो. प्रत्यक्षात बहीण बरोबर होती. कवितेतल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी पत्नी मेरीने सुचवल्या, हे वर्डस्वर्थने स्वतः सांगितले आहे. ही कविता १८०७ च्या संग्रहात छापली गेली. डॅफोडिलांची ती जागा ग्रासमिअरच्या दारात शोधणाऱ्यांची निराशा होते, कारण अल्सवॉटर डोंगराच्या पलीकडे आहे.

‘लिरिकल बॅलड्स’च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना (१८००), ‘मायकेल’ ही मेंढपाळाची कथा आणि ‘द प्रिल्यूड’ या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्याचा १८०५ चा तेरा सर्गांचा खर्डा हे याच घरातले काम. सामान्य माणसांच्या बोलीच्या जवळची भाषा कवितेला चालते, हा त्या प्रस्तावनेतला आग्रह इंग्रजी शिक्षण घेतलेल्या भारतीय कवींपर्यंत पोचला. केशवसुतांच्या पिढीने वर्डस्वर्थ वाचला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे केशवसुतांचे जन्मघर राखून १९९४ मध्ये स्मारक उभे राहिले. कवीचे घर जपण्याच्या या रीतीचे डव्ह कॉटेज हे एक जुने उदाहरण आहे.

घरात माणसे वाढत गेली. ४ ऑक्टोबर १८०२ रोजी वर्डस्वर्थचे मेरी हचिन्सनशी लग्न झाले आणि जॉन, डोरा, टॉमस ही तीन मुले याच घरात जन्मली. कवी कोलरिज केझिकहून डोंगर ओलांडून पायी येई आणि मुक्काम करी. भाऊ जॉन वर्डस्वर्थ १८०० साली काही महिने येथे राहून गेला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जहाजावर कप्तान होता. बंगाल आणि चीनकडे निघालेले त्याचे ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ हे जहाज ५ फेब्रुवारी १८०५ रोजी इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले आणि तो गेला. त्या दुःखाची छाया त्यानंतरच्या कवितेवर स्पष्ट आहे.

कवीचे घर पाहायला येणाऱ्यांतला आद्य यात्रेकरू म्हणावा असा माणूस म्हणजे टॉमस डी क्विन्सी. वर्डस्वर्थच्या कवितेने भारलेला हा तरुण दोनदा या परिसरात आला आणि धीर न झाल्याने दोन्ही वेळा माघारी फिरला. अखेर नोव्हेंबर १८०७ मध्ये त्याने या दारात पाऊल ठेवले. वर्डस्वर्थ कुटुंब गेल्यावर १८०९ मध्ये त्यानेच हे घर भाड्याने घेतले आणि पुस्तकांनी भरले. अफूच्या व्यसनावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक (१८२१) वाचताना हेच घर डोळ्यांसमोर येते. बागेतली शेवाळाने मढवलेली झोपडी मात्र त्याने पाडली आणि वर्डस्वर्थ कुटुंब दुखावले. ती झोपडी त्यांनी स्वतः उभारली होती. घरामागची ही चढती बाग भावंडांनी रानातली फुले-नेचे आणून लावली होती. घराइतकीच ती निवांत पाहावी.

१८९० मध्ये स्टॉपफर्ड ब्रुक यांच्या पुढाकाराने ६५० पौंडांना घर विकत घेण्यात आले आणि १८९१ पासून ते लोकांसाठी खुले झाले. वर्डस्वर्थ ट्रस्ट ते सांभाळतो. शेजारच्या संग्रहालयात आणि संशोधन केंद्रात कवीची हस्तलिखिते व डॉरथीच्या वह्या आहेत. सर्वांत जवळचे रेल्वेस्थानक विंडरमिअर. तेथून बसने अँबलसाइडमार्गे ग्रासमिअरला जाता येते. या रेल्वेला वर्डस्वर्थचा कडवा विरोध होता, ती १८४७ मध्ये सुरू झाली. गावातल्या सेंट ऑस्वल्ड चर्चच्या आवारात वर्डस्वर्थ, मेरी आणि डॉरथी यांच्या कबरी आहेत.

जवळच रायडल माउंट हे वर्डस्वर्थचे १८१३ पासूनचे मोठे घरही आहे. ते प्रशस्त आहे, बागही देखणी आहे. पण वेळ एकाच घरापुरता असेल तर डव्ह कॉटेज निवडावे, आणि जाण्यापूर्वी कविता चाळल्या नाहीत तरी डॉरथीची रोजनिशी वाचून जावे.