पडद्याचे बिंदुमान आणि आवर्तन : संगणकाच्या दृश्यपटाच्या मानकांचा इतिहास व त्यातील मर्यादांचा विचार

१

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकाच्या वाटपाचा देशातील प्रारंभ झाला. या योजनेच्या इतिहासात क्रमांक, बोटांचे ठसे आणि बुबुळाची प्रतिमा यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु नोंदणीच्या मेजावरील एका साध्या वस्तूकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ती वस्तू म्हणजे नागरिकाकडे तोंड करून ठेवावयाचा दुसरा पडदा. नोंदणी-केंद्राच्या साहित्याच्या यादीत १५ ते १६ इंचांचा आणि १०२४ × ७६८ हून अधिक बिंदुमानाचा असा एक जादा मॉनिटर सांगितलेला होता. आपले नाव, गाव व जन्मतारीख इंग्रजीत व आपल्या भाषेत बरोबर उतरली आहे किंवा नाही, हे नागरिकाने स्वतः पाहावे, हा त्यामागील हेतू होय.

टेंभलीच्या वा त्याच जिल्ह्यातील कोरीटच्या रहिवाशाने हा पडदा वाचावयाचा, तर त्यावरील अक्षर स्पष्ट असले पाहिजे. 'गावित' आणि 'गावीत' ही एकाच आडनावाची दोन रूपे या भागात लिहिली जातात. त्यांतील भेद केवळ वेलांटीच्या बाजूचा आहे. 'शिंदे' मधील एक बिंदू विरला की 'शिदे' उरते. पडद्याचे बिंदुमान, म्हणजे ज्यास रिझोल्यूशन म्हणतात ते, आणि त्याचे आवर्तन, म्हणजे रिफ्रेश रेट, हे विषय केवळ यंत्रज्ञांचे किंवा खेळाच्या शौकिनांचे नव्हेत, हे यावरून ध्यानात येईल. हे आकडे कोठून आले, त्यांपैकी कोणते पदार्थाच्या स्वभावाने बांधलेले आहेत आणि कोणते केवळ पूर्वीच्या करारांचे अवशेष आहेत, याचा निर्णय झाल्यावाचून पडद्यातील बिघाडाचे निदानही नीट होत नाही.

२

पडद्याच्या आवर्तनाचे मूळ विजेच्या पुरवठ्यात आहे. अमेरिकेत वीज सेकंदास ६० आवर्तनांची आणि युरोपात ५० आवर्तनांची. दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या संचांत विजेच्या आवर्तनाशी चित्राचे आवर्तन जुळले नाही, तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसत. यास्तव अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ रेषा व सेकंदास ६० अर्धचित्रे हे मान ठरविले, आणि युरोपात ६२५ रेषा व ५० अर्धचित्रे ही पद्धत रूढ झाली. भारताने दुसरी पद्धत स्वीकारली. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी जी दूरचित्रवाणी सुरू झाली, ती या ६२५ रेषांच्याच मापाची होती.

१९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत चित्रासाठी आपल्या मानात किंचित फरक केला. रंगाचा संकेत व ध्वनीचा संकेत यांची गाठ पडू नये म्हणून ६० ऐवजी ५९.९४ हा आकडा आला. हा फरक बारीक खरा. परंतु तो पुढे संगणकाच्या घरात शिरला. १९८७ मध्ये आय. बी. एम. कंपनीने जी व्ही. जी. ए. पद्धत आणली, तिच्या ६४० × ४८० बिंदूंच्या चित्राचे गणित असे आहे : दर सेकंदास २५१.७५ लक्ष बिंदू. एका रेषेत दृश्य व अदृश्य मिळून ८०० बिंदू. एका चित्रात तशाच मिळून ५२५ रेषा. भागाकार केला असता आवर्तन ५९.९४ येते. ५२५ रेषा आणि ५९.९४ आवर्तने हे दोन्ही आकडे अमेरिकन दूरचित्रवाणीचेच आहेत. रेषांचा वेग तेवढा दुप्पट केला आहे. आजही मॉनिटरच्या यादीत ६० आणि ५९ असे दोन आकडे शेजारी दिसले की अनेकांस तो दोष वाटतो. वास्तविक तो एका जुन्या तडजोडीचा वारसा आहे.

५० आवर्तनांची वीज वापरणाऱ्या भारतात ६० आवर्तनांचा पडदा आला, याचे परिणामही घडले. काचनळीचा मॉनिटर विजेच्या स्टॅबिलायझरला खेटून ठेवला की रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चित्र सेकंदास दहा वेळा, म्हणजे दोहोंतील फरकाइतके, थरथरे. दोष ना मॉनिटरचा ना संगणकाचा. स्टॅबिलायझर हातभर दूर सरकविणे हाच त्यावरील उपाय होता.

३

बिंदुमानाचा इतिहास देवनागरीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९८१ च्या आय. बी. एम. संगणकाबरोबर दोन प्रकारचे दृश्यपट आले. एकरंगी पटात एका अक्षरासाठी ९ × १४ बिंदूंचा चौकोन होता. रंगीत पटात तो केवळ ८ × ८ होता. रोमन लिपी आठ ओळींत कशीबशी बसते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, आणि खाली उकार व ऋकार असे तीन मजले आहेत. 'र्कीं' सारखा संयोग आठ ओळींत वाचनीय रीतीने काढणे अशक्यप्राय होय. ज्या पडद्याचे माप रोमन अक्षरावरून ठरले, त्यात मराठीस जागा मागून करून घ्यावी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही जागा करण्याचे काम प्रथम कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये झाले. तेथे सिद्ध झालेला देवनागरी संगणक १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात मांडण्यात आला. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर त्या कामातून 'जिस्ट' कार्ड पुढे आले. ते संगणकात बसविले म्हणजे मूळच्या रोमन कार्यक्रमांतही भारतीय लिप्या लिहिता व वाचता येत. संकेतप्रणालीचा प्रश्न १९९१ च्या भारतीय मानकाने सोडविला. पुढे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा टंक सर्वत्र पोहोचला. परंतु टंक कितीही चांगला असला तरी तो ज्या बिंदूंवर उमटावयाचा ते बिंदू जागच्या जागी असावे लागतात, ही अट कायमच राहिली.

४

मॉनिटर आणि संगणक यांच्यातील संवादाचा इतिहास हा या विषयाचा गाभा होय. आरंभी असा संवाद नव्हताच. १९८१ च्या एकरंगी मॉनिटरला संगणकाकडून चुकीच्या वेगाचा संकेत मिळाला तर त्याचे आतील भाग जळण्याची भीती असे. त्या काळी मर्यादा ओलांडणे म्हणजे वस्तू गमावणे होते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास अनेक वेगांशी जुळवून घेणारे मॉनिटर निघाले, आणि १९८९ मध्ये उत्पादकांच्या 'व्हेसा' या संघटनेने समान मापे ठरविण्याचे काम हाती घेतले. काचनळीवर ६० आवर्तनांत चित्र लुकलुकते व डोळे शिणतात, म्हणून ७२, ७५ व ८५ ही मापेही मान्य झाली.

१९९४ मध्ये या संघटनेने मॉनिटरला स्वतःची ओळख सांगण्याची सोय दिली. १२८ बाइटांच्या एका लहानशा नोंदीत उत्पादक, मापे, वेगाच्या सीमा व पसंतीचे बिंदुमान लिहिलेले असते, हिला ई. डी. आय. डी. म्हणतात. शेवटचा बाइट सर्वांची बेरीज तपासण्यासाठी राखलेला असतो. व्ही. जी. ए. केबलमध्ये ही नोंद १२ व १५ क्रमांकाच्या पिनांवरून वाचली जाते. स्वस्त केबलीत किंवा एका संगणकास दोन पडदे जोडणाऱ्या साध्या विभाजकात या तारा नसल्या, तर चित्र येते पण ओळख येत नाही. मग संगणक सावधपणे १०२४ × ७६८ सारखे एखादे सर्वसामान्य माप धरतो.

भारतात स्वस्त मॉनिटरांत अतिशय पसरलेले १३६६ × ७६८ हे माप या ठिकाणी विशेष अडचणीचे ठरले. ई. डी. आय. डी. मधील संक्षिप्त यादीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते, आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. १९९६ व २००३ च्या सूत्रांनी माप काढले तरी ते १३६० किंवा १३६८ येते. तपशीलवार नोंद वाचता आली तरच खरे माप मिळते. ती न मिळाल्यास १०२४ बिंदूंचे चित्र १३६६ बिंदूंवर ताणले जाते; अक्षरे सुमारे एक तृतीयांशाने रुंद होतात, आणि वेलांटीची बारीक रेघ दोन बिंदूंच्या मध्ये पडून राखाडी होते. २००१ नंतर विंडोजमध्ये अक्षर कोरीव दिसावे म्हणून प्रत्येक बिंदूतील तांबड्या, हिरव्या व निळ्या पट्ट्यांचाही उपयोग करण्यात आला. परंतु मूळ मापावाचून तोही व्यर्थ जातो.

यावरून निदानाचा क्रम निघतो. प्रथम केबल व विभाजक बदलून पाहावा. मग ओळखीची नोंद वाचली जाते किंवा नाही हे तपासावे. त्यानंतर दृश्यकार्डाचा चालक कार्यक्रम योग्य आहे ना, ते पाहावे. आणि या साऱ्यांतून निष्पत्ती न झाल्यासच हाताने स्वतंत्र माप घालावे. पुष्कळदा हा क्रम उलटा केला जातो, आणि केबलीतील दोषावर आकड्यांचे उपचार होतात.

५

आवर्तन वाढविणे, ज्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, ते याच इतिहासाचे अखेरचे प्रकरण होय. काचनळीत किरणाला रेषेच्या आरंभाकडे परत जाण्यास वेळ लागे. म्हणून प्रत्येक रेषेत व चित्रात अदृश्य अवकाश ठेवलेला असे. द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्यात किरणच नाही, तरी तो अवकाश राहिला. १९२० × १०८० चे दूरचित्रवाणीचे माप अवकाशासह २२०० × ११२५ होते, आणि ६० आवर्तनांस सेकंदास १४८५ लक्ष बिंदू लागतात. २००३ च्या मानकाने हा अवकाश कमी करण्यास अनुमती दिली. तसे केल्यास रेषेत २०८० बिंदू पुरतात, आणि तेच चित्र सुमारे १३८५ लक्ष बिंदूंत बसते.

एकेरी डी. व्ही. आय. जोडणीची मर्यादा १६५० लक्ष बिंदूंची आहे. कमी अवकाशाने ७० आवर्तने मागितली तर सुमारे १६२५ लक्ष लागतात व ती बसतात. ७५ मागितली तर सुमारे १७४५ लक्ष लागतात व मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे ७० वर चित्र येते आणि ७५ वर पडदा काळा होतो, तेव्हा दोष पडद्याच्या काचेचा असेलच असे नाही. तो जोडणीचा असू शकतो. २०१२ च्या सुमारास दक्षिण कोरियातील काही २७ इंची मॉनिटर ६० ऐवजी ९६, तर काही १२० आवर्तनांपर्यंत चालविले गेले. त्यांत मध्यस्थ मापबदल्या मंडल नव्हते, म्हणून त्यांना अडविणारेही कोणी नव्हते. कागदावरील मर्यादा व पदार्थाची मर्यादा यांतील अंतर त्यावरून उघड झाले.

तथापि, चित्र दिसणे हा यशाचा पुरावा नव्हे. पुष्कळ मॉनिटर जादा आवर्तने स्वीकारल्याचे दर्शवितात आणि मधली चित्रे गाळतात. प्रत्येक चित्रास एकेक चौकोन क्रमाने उजळणारी पट्टी पडद्यावर चालवावी व कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा एक दशांश भाग उघडा ठेवून छायाचित्र घ्यावे. उजळ चौकोनांची रांग अखंड आली तर आवर्तन खरे, मध्ये काळे चौकोन राहिले तर ते नाममात्र. तसेच रंगात किंवा उजेडात फरक पडला, ठिपके चमकू लागले, तर एक पायरी खाली यावे. नवे माप मान्य न केल्यास काही सेकंदांत जुन्यावर परतण्याची, व पडदा काळाच राहिल्यास किमान मापात संगणक सुरू करण्याची सोय आजच्या कार्यप्रणालींत आहे. १९८१ ची जोखीम तीमुळे बरीच कमी झाली आहे.

६

सारांश, पडद्याच्या आकड्यांत तीन थर मिसळलेले आहेत. काचेच्या बिंदूंची संख्या व जोडणीची वाहकता हा पहिला, आणि तो खरोखर अचल. ओळखीच्या नोंदीतील आकडे हा दुसरा. तो लिहिलेला असल्याने चुकतो, हरवतो व दुरुस्तही करता येतो. ६०, ५९.९४ आणि आठच्या पटी हा तिसरा. तो इतिहासाने दिलेला आहे. बिघाड शोधणाऱ्याने कोणत्या थरावर आपण उभे आहोत हे आधी ठरविले पाहिजे.

जादा आवर्तनांनी खेळातील गती मऊ दिसते, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने आवर्तनापेक्षा बिंदूंचे महत्त्व अधिक आहे. रोमन अक्षर ताणले गेले तरी बहुधा ओळखता येते. देवनागरीत मात्र अर्थाचा भेद शिरोरेषेच्या वरच्या दोन-तीन बिंदूंवर अवलंबून असतो. नागरिकाकडे तोंड केलेल्या पडद्याची सार्थकता त्याच्या मूळ मापावर आहे. तो चुकीच्या मापावर चालत असेल, तर कोरीटचा रहिवासी त्याच्याकडे पाहून मान डोलावील, आणि 'गावित' चे 'गावीत' झालेले नोंदीत तसेच राहून जाईल.