‘बोग’ : स्लाव्हिक देव आणि वाट्याचे भाग्य

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या भाषा एका कुळातील असल्या तरी आज त्या एकमेकींपासून बऱ्याच दुरावल्या आहेत. मॉस्कोच्या रहिवाशाला प्रागमधील वृत्तपत्र सहजासहजी वाचता येत नाही. ईश्वरवाचक शब्द मात्र या साऱ्या भाषांनी एकच जपला आहे. बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन आणि स्लोव्हेन भाषांत तो ‘बोग’ आहे. रशियनमध्ये लिहिताना तो ‘बोग’ असला तरी उच्चारात ‘बोख’ होतो. युक्रेनियन आणि स्लोव्हाकमध्ये तो ‘बोह’, चेकमध्ये ‘बूह’, तर पोलिशमध्ये ‘बुक’ असा ऐकू येतो. या शब्दाचा इतिहास मराठी वाचकालाही परका नाही, कारण त्याचे नाते संस्कृतमधील ‘भग’ या शब्दाशी आहे.

वाटा देणारा तो देव

ऋग्वेदात भग हा आदित्यांपैकी एक देव आहे. सातव्या मंडलातील एकेचाळिसावे सूक्त मुख्यतः त्यालाच उद्देशून आहे. प्रत्येकाला ऐश्वर्याचा वाटा देणे हे त्याचे कार्य. ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटा मिळणे या धातूपासून हा शब्द बनला. मराठीत नित्य वापरले जाणारे भाग, विभाजन, भाग्य, अभागी, सौभाग्य हे सारे शब्द याच धातूचे. भगवान म्हणजे ज्याच्यापाशी ‘भग’, अर्थात ऐश्वर्य, आहे असा. भक्ती आणि भजन यांचे मूळही हेच. आधी वाटून घेणे, मग सहभागी होणे आणि शेवटी उपासना करणे, असा या धातूच्या अर्थाचा प्रवास झाला.

स्लाव्हिक भाषांतही हाच जुना अर्थ शिल्लक आहे. मात्र तो ‘बोग’ या शब्दात नसून त्याच्या भावंडांत आहे. रशियनमधील ‘बोगाती’, पोलिशमधील ‘बोगाती’ आणि चेकमधील ‘बोहाती’ या शब्दांचा अर्थ आहे श्रीमंत. या शब्दांतील ‘बोग’ म्हणजे देव नव्हे, तर संपत्ती, लाभलेला वाटा. याउलट पोलिशमधील ‘उबोगी’ म्हणजे गरीब, ज्याच्या हाती वाटा आला नाही तो. चेकमध्ये ‘उबोही’ म्हणजे बिचारा, तर रशियनमध्ये ‘उबोगी’ म्हणजे दीनवाणा, कळाहीन. चेकमधील ‘नेबोश्तिक’ म्हणजे मृत व्यक्ती, शब्दशः ‘अभागी जीव’. कै. किंवा दिवंगत म्हणावे तसा तो आजही वापरला जातो.

याहून लक्षणीय आहे पोलिशमधील ‘झ्बोझे’ हा शब्द. त्याचा आजचा अर्थ आहे धान्य. चेकमध्ये त्याचेच रूप ‘झ्बोझी’ असे असून त्याचा अर्थ विक्रीचा माल असा होतो. दोन्हींचा मूळ अर्थ समृद्धी. यातील आरंभीचा घटक संस्कृतमधील ‘सु’ या उपसर्गाशी संबंधित असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ‘झ्बोझे’ हे अवयवश: आपल्या ‘सौभाग्य’ या शब्दाचे आप्त ठरते. रशियनमध्ये सुखाला ‘श्चास्त्ये’ म्हणतात. त्याचीही फोड ‘चांगला वाटा’ अशीच केली जाते. मात्र तेथे वाट्यासाठी ‘चास्त’ हा वेगळा शब्द आहे.

उसना की वारशाचा?

बहुतेक इंडो-युरोपीय भाषांत देवासाठी संस्कृत ‘देव’ या शब्दाचे आप्त आढळतात. लॅटिनमधील ‘देउस’ आणि लिथुएनियनमधील ‘दिएवास’ ही त्याची उदाहरणे. स्लाव्हिक भाषांनी मात्र देवासाठी ‘बोग’ स्वीकारला, आणि यात त्यांची सोबत इराणी भाषांनी केली. अवेस्तात ‘दएव’ हा शब्द दुष्ट शक्तींसाठी येतो. प्राचीन पर्शियन भाषेत देवाला ‘बग’ म्हणत. सम्राट दारयवहु (पहिला डरायस) याच्या शिलालेखांत अहुर मज्दाला ‘बग’ म्हटले आहे. ज्या बेहिस्तून येथे त्याचा प्रसिद्ध लेख आहे, त्या स्थळाचे जुने नाव ‘बगस्तान’, म्हणजे देवांचे स्थान. बगदाद या नावाचा अर्थही बहुतेक अभ्यासक ‘देवाने दिलेले’ असा लावतात. अगदी तोच अर्थ ‘बोगदान’ या स्लाव्हिक नावाचा आहे.

या साम्यामुळे भाषाशास्त्रात एक जुना वाद आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात शक आणि सार्मेशियन या इराणीभाषक टोळ्यांचा वावर होता. त्यांच्याकडून स्लाव्हांनी हा शब्द घेतला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार शब्द मूळचाच असून त्याचा ‘वाटा’ हा अर्थ स्लाव्हांना वारशाने मिळाला. ‘देव’ हा अर्थ तेवढा इराणी शेजाऱ्यांच्या प्रभावाने आला. संपत्ती आणि दारिद्र्य दर्शविणारे शब्द स्लाव्हिक भाषांत इतके खोलवर रुजलेले आहेत की दुसऱ्या मताला बळ मिळते.

जुना शब्द, नवा धर्म

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीही ‘बोग’ हा शब्द देवांच्या नावांत होता. राजा व्लादिमीरने इ.स. ९८० मध्ये किएव्ह येथे ज्या मूर्ती उभारल्या, त्यांत दाझबोग आणि स्त्रीबोग यांचा उल्लेख जुन्या बखरीत येतो. दाझबोग म्हणजे ‘देणारा देव’ असा अर्थ सामान्यतः केला जातो. आठच वर्षांनी, ९८८ मध्ये, व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या मूर्ती पाडण्यात आल्या. शब्द मात्र टिकला. त्याआधी ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे बंधू मोराव्हियात धर्मप्रसारासाठी गेले होते. ग्रीक ‘थेओस’साठी त्यांनी नवा शब्द घडविला नाही; लोकांच्या तोंडी असलेला ‘बोग’च धर्मग्रंथांच्या भाषांतरात योजला. वाटा देणाऱ्या अनेक देवांचा शब्द अशा रीतीने एकमेव ईश्वराचा झाला.

आज रशियन माणूस आभार मानताना ‘स्पासीबा’ म्हणतो, तेव्हा ‘देव तुला तारो’ हा त्याचा मूळ अर्थ त्याच्या ध्यानीमनीही नसतो. सर्बियन व क्रोएशियनमध्ये ‘झ्बोगोम’ म्हणजे ‘देवासह’ असे म्हणून निरोप घेतात. सोव्हिएत काळात हा शब्द लहान आद्याक्षराने लिहिण्याचा प्रघात होता. त्या राजवटीच्या अखेरीनंतर मोठे अक्षर परतले. राज्यघटनांतही तो आला. युक्रेनच्या १९९६ च्या घटनेच्या प्रास्ताविकेत देवाचा उल्लेख आहे. पोलंडच्या १९९७ च्या घटनेत देवावर श्रद्धा असणारे आणि नसणारे अशा दोघांनाही स्थान दिले आहे. रशियाच्या घटनेत हा उल्लेख २०२० च्या दुरुस्तीने आला. कोणाच्या वतीने देवाचे नाव घ्यायचे, हा प्रश्न या देशांत केवळ व्याकरणाचा राहिलेला नाही.

फसवे साम्य

सारख्या दिसणाऱ्या प्रत्येक शब्दाला या कुळात बसविणे मात्र चुकीचे ठरेल. रशियन लोककथांतील वीराला ‘बोगातीर’ म्हणतात. ‘बोगाती’शी त्याचे साम्य उघड असले तरी त्यांचा परस्परसंबंध नाही. हा शब्द मध्य आशियातील तुर्की-मंगोल ‘बगातुर’पासून आला. फारसीमार्गे तोच मराठीत ‘बहाद्दर’ झाला.

खरे नाते कधी कधी अगदी साध्या वस्तूत सापडते. मराठीतील ‘भात’ हा शब्द संस्कृत ‘भक्त’ या शब्दापासून आला आहे; ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेले अन्न. पोलिश शेतकऱ्याचे ‘झ्बोझे’ आणि कोकणातील ताटातला भात हे दोन्ही शब्द अशा प्रकारे एकाच मुळाकडे नेतात. आपल्या वाट्याला आलेले धान्य हेच भाग्य, आणि ते देणारा तो देव, ही कल्पना देवळे आणि चर्च यांच्याहून कितीतरी जुनी आहे.