पेढीतला वाटा आणि मृत्युकर

मालमत्ता शुल्क अधिनियम १५ ऑक्टोबर १९५३ रोजी अमलात आला, तेव्हा चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री होते. माणसाने मागे ठेवलेल्या संपत्तीच्या बाजारभावावर हा मृत्युकर बसे. आरंभी त्याचा सर्वोच्च दर ४० टक्के होता. पुढे वीस लाखांवरच्या भागासाठी तो ८५ टक्क्यांवर गेला. सोने, शेअर, घर यांची किंमत ठरवता येई. पेढीतल्या भागीदाराच्या वाट्याचे तसे नव्हते.

१९३२च्या भागीदारी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी विसर्जित होते. धंदा मोडू नये म्हणून भागीदारीपत्रात पेढी पुढे चालू राहील असे कलम घालत. काही ठिकाणी त्यापुढे आणखी एक अट असे: मृताच्या वारसांना गुडविलवर, म्हणजे पेढीच्या नावलौकिकावर, हक्क राहणार नाही. जो हक्क वारसांना मिळालाच नाही त्यावर कर कसला, असा वारसांचा प्रश्न होता. करखात्याचे उत्तर असे, की मृताचा वाटा हवेत विरत नाही, तो कुणाकडे तरी जातोच.

१९७० मध्ये मुंबईच्या एका पेढीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने गुडविल ही पेढीची मालमत्ता असून, पेढी चालू ठेवण्याच्या कलमाने मृताच्या वारसांचा तीतला वाटा आपोआप बुडत नाही, असे ठरवले. हा दावा कराचा नव्हता, पण त्यातले तत्त्व करखात्याच्या बाजूला बळ देणारे होते. वडिलांनी पेढीच्या वह्यांत मुलांच्या नावे जमा केलेल्या रकमांवरूनही तंटे झाले. पैसा पेढीतच राहिला, म्हणजे देणगी पुरती सुटली नाही, असे खाते म्हणे. १९७३ मध्ये अशाच एका प्रकरणात न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले.

वारसांची सर्वांत रास्त तक्रार मूल्यांकनाची होती. गुडविलची किंमत काढताना बहुधा मागच्या वर्षांच्या सरासरी नफ्याला काही वर्षांच्या पटीने गुणत. तो आकडा कागदावर राही, कर मात्र रोखीने भरावा लागे. पेढीचा पैसा मालात आणि उधारीत अडकलेला असताना कर्ता माणूस गेलेल्या घराने ती रोकड आणायची कुठून, याचा विचार कायद्याने पुरेसा केला नव्हता.

१९८५च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हा कर रद्द करण्याचे जाहीर केले. त्याचे उत्पन्न जेमतेम वीस कोटी रुपये होते आणि त्यामानाने वसुलीचा खर्च मोठा होता. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही. त्याआधीचे खटले मात्र चालूच राहिले. वारसांना गुडविलवर हक्क नाकारणारे कलम असले, तरी मृताचा गुडविलमधला वाटा करपात्र ठरतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८६ मध्ये, कर रद्द झाल्यानंतर आला.