सायकलीचा सांगाडा

घराच्या ओसरीवर सायकल उलटी उभी करून तिची फ्रेम बदलण्याचा जो उद्योग आपल्या गावांतून एके काळी सर्रास चाले, त्याला एक हातोडी, दोनतीन पाने, घासलेटाची वाटी आणि घरंगळलेले छर्रे वेचण्यास एखादे धाकटे भावंड एवढी सामग्री पुरत असे. परंतु तो शक्य व्हावा म्हणून विलायतेतील कारखानदारांना प्रथम आपल्या अहंकाराला मुरड घालावी लागली होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

1885 साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल बाजारात आणली आणि पुढील काही वर्षांतच दोन त्रिकोण एकमेकांना जोडावेत तशी फ्रेमची आकृती स्थिर झाली. पोलादी नळ्या सांध्याच्या लगांत बसवून, पितळ वितळवून त्या जखडल्या जात. त्यामुळे पान्याने न उकलणारा असा सायकलीत हा एकच मोठा अवयव उरला, आणि बाकी सारे त्याच्या आश्रयाने नटबोल्टांवर टांगलेले राहिले. बर्मिंगहॅमच्या बीएसए या मूळच्या शस्त्रनिर्मात्या कंपनीने, जिच्या तीन बंदुकांची मुद्रा आपल्याकडे लहान मुलेही ओळखत, 1893 च्या सुमारास सायकलींच्या सुट्या भागांचा व्यापार हाती घेतला. गल्लीतील सामान्य कारागिराने हे भाग विकत घ्यावेत, स्वतः फ्रेम जोडावी आणि तिच्यावर आपले नाव घालावे, असा तो जमाना होता. अर्थात एकाचा भाग दुसऱ्याच्या फ्रेमला बसेल अशी मापे ठरवणे सर्वांच्याच हिताचे होते. पायडलांचा आस जेथे फिरतो त्या ब्रॅकेटच्या कपांना इंचाला चोवीस आटे, हे त्यांपैकी एक माप. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने मात्र आपले सव्वीस आटे दीर्घकाळ सोडले नाहीत, आणि ते माप ठाऊक नसलेल्या हौशी माणसाने रॅलेचा कप दुसऱ्या फ्रेमच्या ब्रॅकेटमध्ये बळाने फिरवला, की नव्या फ्रेमचेच आटे जायबंदी होत. थोर घराण्यांना असा एखादा हट्ट असायचाच!

खरी परीक्षा त्या ब्रॅकेटपाशीच होई. क्रँक आसाला जखडणारी कॉटरची पिन काढताना तिचा नट पुरता न सोडता पिनेच्या टोकाशी समतल ठेवावा, क्रँकखाली लाकडाचा ठोकळा द्यावा आणि एकच नेमका घाव घालावा. चारदोन भित्रे घाव घातले, की पिन वाकते आणि काम दुकानात जाते. पुढे चेनच्या बाजूचा उजवा कप उलट्या आट्यांचा, कारण सरळ आट्यांचा कप पायडल मारता मारता हळूहळू सैल होतो. हे न जाणणारा गृहस्थ तो सोडवण्याच्या भरात अधिकच आवळीत बसे.

आपल्या प्रांती लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला आणि त्यांचे बंधू रामूअण्णा गिऱ्हाइकांना बसायलाही शिकवीत. किर्लोस्करांचे नांगर पुढचे, सायकल आधीची. स्वातंत्र्याच्या सुमारास वरळीची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय असे देशी कारखाने उभे राहिल्यावर सायकल मध्यमवर्गाच्या आणि दूधवाल्यांच्या आवाक्यात आली. मग दुधाच्या किटल्यांनी आणि डबलसीटने दांड्यांना हेडच्या लगाशी तडे जाऊ लागले; गॅसने जोडलेला सांधा फार दिवस टिकेना, तेव्हा नवी फ्रेम आणणेच किफायतीचे ठरे.

येथे कायदा आडवा येई. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलीला मिळे, पण तिची खरी ओळख म्हणजे फ्रेमवर ठोकलेला नंबर. तोच विक्रीच्या पावतीवर, आणि चोरी झाल्यास फौजदार प्रथम तोच विचारी. जमिनीच्या हक्कात बदल झाला, तर तलाठ्याच्या दप्तरी फेरफाराची नोंद होते; सायकलीची फ्रेम बदलली, तर तिला तशी सोय कोठली? चाके, हँडल, सीट सारे तेच असूनही कागदोपत्री ती परकी ठरे. म्हणून व्यवहारी मालक नव्या फ्रेमची पावती जुन्या पावतीला टाचून ठेवी, आणि पुढे सायकल विकताना दोन्ही कागद गिऱ्हाइकाच्या हवाली करी.