काळ्याची कुळकथा

आषाढातली रात्र. कर्जतजवळच्या पळसदरीच्या एका घरात आम्ही दोन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी मांडून एकाच भिंतीवर एकच सिनेमा लावला होता. मित्राला दोहोंतला एक घ्यायचा होता. गाणी झाली, क्रिकेट झालं. दोन्ही सारखेच वाटत होते. एवढ्यात वीज गेली. पावसात ती जायचीच. बाहेर बेडूक, आत मिट्ट काळोख. दहा मिनिटांनी वीज आली, दोन्ही यंत्रं पुन्हा सुरू झाली, सिनेमातली रात्र भिंतीवर उमटली आणि मित्राची आई म्हणाली, ‘‘अरे, मघाशी जास्त काळं होतं की!’’

काकूंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. त्याच्याकडे फक्त उजेड. काळं दाखवायचं तर तो उजेड अडवायचा, आणि अडवताना जो पाझरतो तो भिंतीवर राखाडी होऊन बसतो. दोन यंत्रांत चांगलं कोणतं, हे पाहायचं तर कोणाची गळती कमी ते पाहायचं.

ही अडचण फार जुनी. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९मध्ये जादूच्या कंदिलासाठी, म्हणजे प्रोजेक्टरच्या पूर्वजासाठी, हलत्या सांगाड्याची चित्रं काढून ठेवली होती. पुढे वडिलांनी तो कंदील फ्रेंच दरबारी मंडळींसाठी मागितला, तेव्हा गड्याला इतका संकोच वाटला की एखादं भिंग काढून तो बिघडवावा, असं त्याने भावाला सुचवलं.

पण काळ्याचा खरा बंदोबस्त पाहायचा तर पळसदरीहून लोकलने पन्नासेक किलोमीटरवर उतरायचं, कल्याणला. तिथे महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये ‘शांबरिक खरोलिके’चा खेळ केला. शंबरासुराची ती शांबरी, म्हणजे मायाविद्या. जादूच्या कंदिलाला दिलेलं हे भारदस्त मराठमोळं बारशाचं नाव. (आज आपण ‘होम थिएटर’ म्हणून मोकळे होतो.) पटवर्धन रामायण-महाभारतातली पात्रं हाताने काचेवर रंगवत आणि पात्राभोवतीची काच काळ्या रंगाने झाकून टाकत. काळ्यातून उजेड जात नाही. त्यामुळे चित्राची चौकट दिसत नाही, नुसतं पात्र अंधारात उभं राहतं. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांच्या काचा भराभर बदलल्या की ते हलल्यासारखं वाटे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं ७ जुलै १८९६ला हलली, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. पटवर्धनांच्या मुलांनी खेळ पुढे चालवला. त्या काचा आता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. माझ्या मते आपल्याकडचा पहिला ‘कॉन्ट्रास्ट’ त्या कुंचल्याने साधला.

आजच्या यंत्रांत कुंचल्याचं काम कोणी स्फटिकाच्या पातळ पडद्याकडून करून घेतं, कोणी लाखो इवल्या आरशांकडून. आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये बनवली. आरसा एकीकडे कलला की उजेड भिंगाकडे, दुसरीकडे कलला की आतल्या आत जिरवायचा. पूर्ण जिरत मात्र नाही.

दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. तिथे भाव लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा. मोजण्याची शिस्तशीर रीत आहे: पांढऱ्या पडद्याचे नऊ चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावरचा उजेड मोजायचा, सरासरी काढून पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायची. काळ्यासाठी सोळा घरांचा बुद्धिबळाचा पट टाकून पांढऱ्या नि काळ्या घरांतला फरक मोजतात. स्वस्तातल्या खोक्यांवर बऱ्याचदा नुसत्या दिव्याचे लुमेन छापलेले असतात. भिंगाबाहेर किती आले, ते विचारायचं नाही! गंमत अशी की सिनेमागृहाइतका प्रखर पांढरा १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर आणायला, खोली पक्की अंधारी असेल तर, चारशेच्या आसपास लुमेन पुरतात. उरलेले हजारो लुमेन खिडकीतून येणाऱ्या उजेडाशी भांडण्यासाठी.

हा विजेचा उजेडसुद्धा पळसदरीच्याच बाजूचा. घाटमाथ्यावरचं पाणी पाचेकशे मीटर खाली पाडून खोपोलीत वीज काढायला टाटांनी १९१५मध्ये सुरुवात केली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. आता मुंबईकर शनिवार-रविवारी अंधार शोधत इकडे येतात आणि येताना हॅलोजन घेऊन येतात.

मित्राने शेवटी कमी लुमेनचा घेतला. काकूंनी त्याच्यासमोर बसून नुसती काळी चौकट पाहिली आणि मान डोलावली. समोरच्या फार्महाऊसच्या दिव्यामुळे मात्र कर्जतच्या बाजारातून काळं जाड कापड आणून खिडकीला पडदा शिवून घ्यावा लागला.