अहो, आवाज वाढवा! : आपल्या पिढीच्या हार्ड रॉकची गोष्ट

दिवाळी अंकात संगीतावरचा लेख म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं, ते सांगायला नको. भीमसेनजी, लताबाई, बाबूजी, हृदयनाथ. हे सगळे आपले आहेतच आणि त्यांच्यावर पुढच्या वर्षीही कुणीतरी लिहील. या वर्षी मात्र जरा वाट वाकडी करू या. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ते पुरुष डोळ्यांत काजळ घालायचे, केस फुगवून खांद्यावर सोडायचे, चट्ट्यापट्ट्यांच्या तंग विजारी घालायचे आणि साधं 'तू मला आवडतेस' हे सांगायलाही रणशिंग फुंकायचे. बॉन जोव्ही, डेफ लेपर्ड, युरोप, मॉटली क्रू, पॉयझन, गन्स अँड रोझेस. काही हार्ड रॉकवाले, काही ग्लॅम मेटलवाले. भपका सगळ्यांकडे भरपूर.

तुमच्यापैकी जे १९८५ ते १९९५ च्या दरम्यान मुंबई-पुण्यात कॉलेजात होते, त्यांच्या चेहऱ्यावर हे वाचताना हसू आलं असेल. आणि जे इथे, मिनेसोटात, जन्मले किंवा वाढले, त्यांना प्रश्न पडला असेल की याचा आईबाबांशी काय संबंध? तो संबंध सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आवाज एवढा मोठा का?

आधी या संगीताची घडण पाहू. हार्ड रॉकच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. अशा फाटलेल्या आवाजात तीन-चार वेगळे स्वर एकदम वाजवले तर नुसता चिखल होतो. म्हणून हे गिटारवादक बहुतेक वेळा दोनच स्वर घेतात, मूळ स्वर आणि त्याचा पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. आपण सा आणि प म्हणू. आपल्या तंबोऱ्याच्या नेहमीच्या जुळणीतही हेच दोन स्वर असतात. ज्या घरात सकाळी रेडिओवर तंबोरा ऐकू यायचा, तिथल्या मुलाच्या कानाला तो भक्कम सा-प परका वाटला नाही, यात फारसं नवल नाही.

दुसरी गोष्ट मेहनतीची. हे संगीत ओबडधोबड आहे असा समज असतो. डेफ लेपर्डचा 'हिस्टीरिया' हा १९८७ चा अल्बम पाहा. तो पुरा व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ गेला. मधेच, ३१ डिसेंबर १९८४ ला, त्यांचा ड्रमवादक रिक ॲलन याचा मोटार अपघातात डावा हात गेला. बँडने दुसरा वादक घेतला नाही. रिकने पायांनी वाजवता येईल असा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच करून घेतला आणि वाजवणं नव्याने शिकला. निर्माता मट लँग समूहाचे आवाज थरावर थर चढवून मुद्रित करायचा, त्यामुळे चार-पाच जणांचा कोरस अख्ख्या स्टेडियमसारखा वाटतो. एका तासाहून मोठा असा हा अल्बम जगभरात दोन कोटींवर खपला. एवढा कष्टाने बांधलेला भपका ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतोच.

शालू, अत्तर आणि वन्समोअर

आता कुणी म्हणेल, पुरुषांनी नटूनथटून, रंग लावून, आकाशाला भिडणारं गाणं म्हणायचं हे आपल्या संस्कृतीत कुठे बसतं? जरा आपल्या पणजोबांना विचारा. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भरजरी शालू नेसून रंगमंचावर यायचे आणि प्रतिष्ठित घरांतल्या बायका त्यांच्या लुगडं नेसण्याची, दागिन्यांची नक्कल करायच्या. नाटक कंपनीवर कर्ज झालं तरी त्यांनी थाट कमी केला नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या तानेत असा झपाटा होता की तिला आजही 'आक्रमक' हेच विशेषण लागतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. तो संयुक्त प्रयोग मराठी माणूस शंभर वर्षांनंतरही विसरलेला नाही. आणि आवडलेलं पद पुन्हा म्हणायला लावण्यासाठी प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं, हा रिवाज आपल्याकडे इतका रुजला की 'वन्समोअर' हा शब्दच मराठी होऊन गेला.

थोडक्यात, भव्यतेची, नटण्याची आणि प्रेक्षकांनी गाण्यात सामील होण्याची हौस आपल्याला कुणी परदेशातून आणून दिली नाही. फरक एवढाच की १९८० पर्यंत संगीत नाटकाचा तो बहर ओसरला होता. घरात सौम्य, सुरेल भावगीत होतं. ते सुंदर होतं, पण अठरा वर्षांच्या अंगातली धग त्यात मावत नव्हती. ती गणपतीच्या मिरवणुकीत, ढोल-ताशात वर्षातून दहा दिवस बाहेर पडायची. उरलेल्या दिवसांसाठी कॅसेट आली.

धोबीतलावचे दिवस

या संगीताचा एक धागा तर थेट सातारा जिल्ह्यातून जातो. १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता आणि तिथेच त्याने 'द हेक्टिक्स' हा शाळकरी बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. रॉक आणि ऑपेरा एकत्र शिजवणारा क्वीनचा १९७५ चा अल्बम, 'अ नाइट ॲट द ऑपेरा', हा पुढच्या साऱ्या भपक्याचा एक मोठा पूर्वज आहे.

पण या गोष्टीचं मुख्य ठिकाण म्हणजे मुंबईतलं धोबीतलाव. तिथे गिटारी विकणारं फुर्तादोंचं दुकान, गोव्याहून आलेल्या वादकांची वस्ती, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज आणि त्याला लागून रंगभवन हे खुलं नाट्यगृह. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर गिरगावातली केशवजी नाईक चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मुंबईचे दोन मोठे आवाज असे एकमेकांच्या शेजारी नांदत होते.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला आणि रंगभवन हे त्याचं घर झालं. त्याच काळात 'रॉक मशीन' हा मुंबईचा बँड गाजत होता. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. त्यांचे 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे अल्बम म्हणजे इथल्या मुलांनी स्वतः रचलेला हार्ड रॉक होता. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये 'लाइव्हवायर' ही बँडची स्पर्धा व्हायची.

ऐकणाऱ्यांचं जग मात्र मुख्यतः कॅसेटचं होतं. एकाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एक कॅसेट विकत घ्यायची आणि साऱ्या हॉस्टेलने ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढायची. टेप गुंतली तर पेन्सिल घालून फिरवायची. आतल्या कागदावरचे बारीक अक्षरातले शब्द वहीत उतरवून घ्यायचे. गाणं पुढे ढकलणं त्रासाचं असल्यामुळे पूर्ण बाजू ऐकली जायची. आवडत नसलेलं चौथं गाणंही पाठ व्हायचं. म्हणून या पिढीला सुटी गाणी आठवत नाहीत, अल्बम आठवतात. एक गाणं संपलं की मनात पुढच्याची सुरुवात आपोआप वाजू लागते.

यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या मुलाला वर्गात इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. उच्चार चुकला तर हशा व्हायचा. पण कोरसमध्ये दोनशे जण ओरडत असताना कुणाचा उच्चार कोण ऐकतो? या गाण्यांची भाषा सोपी होती. रात्र, रस्ता, आग, प्रार्थना, घर. ज्या इंग्रजीची भीती वाटायची, तिच्यातच गळा फाडून गाता येतं, हे कित्येकांना प्रथम इथे कळलं. बॉन जोव्हीच्या गाण्यातला संप पडलेला गोदी कामगार न्यू जर्सीकडचा असेल, पण १९८२ च्या गिरणी संपाच्या सावलीत वाढलेल्या मुलाला त्याची फार ओळख करून द्यावी लागली नाही.

उशिरा पोहोचलेली गाडी

इथे इतिहासाने एक गंमत केली. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि अमेरिकेत हा सारा थाट बघता बघता हास्यास्पद ठरला. केस, रंग, लांबलचक गिटारवादन, सगळ्याची टिंगल सुरू झाली. नेमक्या त्याच वर्षी स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतात पोहोचलं आणि इतके दिवस नुसते ऐकलेले हे लोक आपल्याला प्रथमच हलताना-नाचताना दिसले. बॉन जोव्ही १९९५ मध्ये मुंबईत येऊन गाऊन गेला. अमेरिकेत जे उतरणीला लागलं होतं, ते आपल्याकडे ऐन भरात होतं.

आणि १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने एच-वन-बी व्हिसाची वाट आखून दिली होती. वर्षाला ६५,००० व्हिसा, पुढे वायटूकेच्या धांदलीत १,१५,००० आणि २००१ पासून तीन वर्षं १,९५,०००. त्या लाटेत आपल्यापैकी बरेच जण मिनियापोलिसला उतरले. बॅगेत प्रेशर कुकर, गोडा मसाला, पु.लं.च्या कॅसेट. आणि तळाशी, कपड्यांत गुंडाळलेल्या, त्या दुसऱ्या कॅसेट.

ऑफिसातल्या समवयस्क अमेरिकन मंडळींसमोर त्यांचं नाव काढायची सोय नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने ही शाळेतली, आता लाजायची आवड होती. मंडळाच्या कार्यक्रमातही सोय नव्हती, कारण तिथे आपण मराठी संस्कृती जपायला जमत होतो. मग जुन्या कोरोलाच्या टेपरेकॉर्डरवर, किंवा केक्यूआरएसच्या ९२.५ वर, एकट्याने ऐकणं उरलं. मुलं गाडीत बसली की कॅसेट बदलायची. आपल्या स्थलांतराच्या इतिहासात नोकरी, ग्रीन कार्ड, देऊळ, मराठी शाळा या साऱ्यांची नोंद आहे. आपण एकोणीस वर्षांचे असताना कशाने वेडे झालो होतो, याची नाही.

खरं तर आपण ज्या गावात येऊन राहिलो, ते या थाटाला परकं नव्हतं. झालरीचे शर्ट आणि उंच टाचा घालून गिटार रडवणारा प्रिन्स आपला जवळजवळ शेजारीच. ईडन प्रेरीच्या फ्लाइंग क्लाउड ड्राइव्हवरच्या एका गोदामात त्याने 'पर्पल रेन'च्या सुमारास सराव आणि ध्वनिमुद्रण केलं. १९८७ पासून चॅनहॅसनला त्याचं पेस्ली पार्क उभं आहे. ब्लूमिंग्टनला तुम्ही ज्या आयकियात टेबलं आणायला जाता, त्याच जागेच्या आसपास १९९४ पर्यंत मेट सेंटर होतं, तिथे त्या काळचे मोठे रॉक बँड वाजवून गेले. आज हॉकीच्या सामन्यात युरोपचं 'द फायनल काउंटडाउन' वाजतं तेव्हा सारं मैदान टाळ्या वाजवतं. टिंगल करणारी वर्षं गेली, गाणी राहिली.

तिकडे रंगभवन मात्र शांत झालं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथले कार्यक्रम बंद पडले. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये मिटलं. म्हणजे या गोष्टीची ठिकाणं आता तिकडे जाऊनही सापडायची नाहीत. ती ज्यांच्या आठवणीत आहेत, ते लोक इथे, आपल्या शेजारी राहतात.

म्हणून एक विनंती

इथे वाढलेल्या मुलामुलींनो, तुम्ही ही गाणी 'गिटार हीरो'वर वाजवली असतील, 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे मेटल ऐकलं असेल. या दिवाळीत फराळ झाला की आईला आणि बाबांना एक प्रश्न विचारा: तुम्ही कॉलेजात असताना कुठला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होता? उत्तर 'आम्ही फक्त भावगीतं ऐकायचो' असं आलं, तर तेही लिहून ठेवा. पण बऱ्याच घरांत आधी जरा लाजणं होईल आणि मग गोष्ट सुरू होईल.

आणि मोठ्यांनो, बेसमेंटमधला तो खोका उघडा. कॅसेटच्या फितीवरचा चुंबकीय थर कायम टिकत नाही. वाजतात तोवर त्या संगणकावर उतरवून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या कागदाचे फोटो काढा. त्यावर तुमच्या अक्षरात गाण्यांची नावं आहेत, स्पेलिंगच्या चुकांसकट, कुठे हॉस्टेलच्या खोलीचा नंबर आहे, कुठे ती उतरवून देणाऱ्या मित्राचं नाव. तोही आपल्या मंडळींच्या इतिहासाचा कागद आहे. आपण इथे आलो तेव्हा नुसती पदवी आणि संस्कार घेऊन आलो नव्हतो, तरुणपणही घेऊन आलो होतो, हे मुलांना त्यावरून कळेल.

मग एक बाजू पूर्ण लावा. मधे गाणं बदलू नका. आणि खिडक्या बंद असतील तर आवाजही थोडा वाढवा. नाहीतरी नोव्हेंबरच्या ईडन प्रेरीत त्या उघड्या कुणाच्या असतात?